गाद्यांत गुंडाळलेली फियाट

गाडी धुणं आणि गाडी पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं जगदेव गुरुजींचं मत होतं. धुणं हे काम आहे, ते कोणीही करावं. पुसणं हा संस्कार आहे, तो ज्याचा त्यानंच करावा. त्या शुक्रवारी सकाळी रिसोडच्या कॉलनीत ते आपल्या पांढऱ्या फियाटवर हा संस्कार करत चाकांच्या वाट्यांपर्यंत पोचले होते, तेवढ्यात खिशातला मोबाइल कर्कश ओरडला. असा आवाज त्यानं आजवर कधी काढला नव्हता. गुरुजींनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि वाचलं. उद्या दुपारनंतर वाशीम जिल्ह्यात वादळी वारा आणि गारपीट. नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी थांबावं.

नागरिकांनी कुठं थांबावं ते निरोपात होतं. फियाटनं कुठं थांबावं ते नव्हतं.

एरवी गुरुजी इतके धास्तावले नसते. पण रविवारी शेजारच्या हरीओमच्या मुलीचं, निकिताचं लग्न होतं, आणि पाठवणीला ती फियाटमधून जाणार होती. निकिता चौथीत गुरुजींच्या वर्गात असताना एकदा तिला शाळेत ताप भरला, तेव्हा गुरुजींनी तिला याच गाडीतून घरी सोडलं होतं. मागच्या सीटवर आडवी पडल्या पडल्या ती म्हणाली होती, की मी लग्नातही याच गाडीत बसणार. गुरुजी म्हणाले होते, बस, मीच सोडून देईन. मोठ्या माणसाला दिलेला शब्द मागंपुढं झाला तर तो समजून घेतो. लहान मुलाला दिलेला शब्द मोडला, तर त्याला वाटतं की शब्द असेच असतात. म्हणून गुरुजी मुलांना शब्द फार जपून देत आणि दिलेला विसरत नसत. निकिताही विसरली नव्हती.

आता मेडशीच्या वरपक्षाकडे नवी, उंच, काळी गाडी होती. ती नवरदेवाचे काका मुकेशराव यांची. त्यांनी फोनवर हसत हसत विचारलं होतं, की गुरुजींची गाडी वाटेतला मालेगावचा चढ चढते का, नाही तर आमची मागं उभी आहेच. हे "आहेच" गुरुजींना फार लागलं होतं. फियाटच्या अंगावर आजवर एक पोचा आला नव्हता, आणि रविवारी मुकेशरावांसमोर तर तो यायलाच नको होता.

आधी शेजारी धरमसिंग आले. त्यांनी शेतमालाच्या अडतीचा धंदा मुलाच्या हवाली केला होता, आणि मोकळ्या माणसाकडे सल्ला फार साठतो. त्यांनी फियाटच्या डोक्यावरच्या टिनाच्या शेडकडे एखाद्या अट्टल गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं.

"गुरुजी, गाडी टिनाखाली ठेवता काय? मागच्या वादळात माह्ये टिनं उडून सोपानच्या वावरात सापडले. टीन उडालं तं उडालं, पन खाली आलं तं गाडी कापते."

गुरुजींनी त्या दिवसापर्यंत शेडला घर समजलं होतं. धरमसिंग गेल्यावर त्यांना ते गिलोटीन दिसू लागलं. घरच्या पोर्चमध्ये लग्नघरचा किराणा आणि आचाऱ्याची पातेली आधीच येऊन बसली होती, शेजारधर्म म्हणून. तिथं सायकलसुद्धा मावली नसती.

मग गुरुजींना सार्वजनिक सभागृह आठवलं. पक्कं छत, मोठं दार, आत नुसत्या खुर्च्या. ते फियाट घेऊनच गेले, म्हणजे लगेच आत लावता येईल. रखवालदार रामधन सभ्य माणूस होता. त्यानं आदरानं सांगितलं, की अर्ज लागेल. गुरुजींनी अर्ज घेतला. त्यात कार्यक्रमाचं नाव असा रकाना होता, त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात "गाडी उभी करणे" असं लिहिलं. निमंत्रितांची संख्या यापुढं "एक" लिहिलं. रामधननं अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, की अक्षर लय सुंदर आहे, पण सही साहेबांची लागते, किल्लीही त्यांच्याचकडं आहे, आणि साहेब वाशीमला बैठकीला गेलेत.

बैठक कशाची, ते गुरुजींनी विचारलं.

वादळाच्या वेळी लोकाईची सोय कुठं करावी, याची, रामधन म्हणाला. उद्या संध्याकाळी येतील.

 शिक्षकी पेशात माणूस एक गोष्ट शिकतो, की ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर रागावू नये. त्यांनी रामधनला पाणी मागितलं, ते पिऊन फियाट वळवली.

शनिवारी सकाळी धरमसिंगांचं मन द्रवलं. शेडविरुद्ध सल्ला त्यांचाच होता, तेव्हा पुढची जबाबदारीही त्यांच्याकडं येत होती. बाजाराजवळच्या त्यांच्या गोदामात चार पोती इकडंतिकडं केली की गाडी मावेल, असं ते म्हणाले. मावली. जाड भिंती, वर सिमेंटचं छत. गुरुजींनी फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अडत्यांबद्दल प्रेम वाटलं. ते प्रेम अर्धा तास टिकलं.

कारण इशारा नुसता गुरुजींनाच आला नव्हता. शिजवून वावरात वाळत घातलेली हळद गोळा करून लोक ट्रॅक्टर घेऊन गोदामाकडं निघाले होते. पहिली ट्रॉली भागिरथाबाईंची. दोन एकराची बाई, एकटी राबणारी. त्यांनी गोदामात डोकावलं, तर आत हळदीच्या जागी पांढरी फियाट आरामात उभी.  भागिरथाबाईंनी आधी गाडीकडं बघितलं, मग आभाळाकडं बघितलं. मागच्या ट्रॉलीवाल्यानंही तेच केलं. धरमसिंग आपल्या चपलेकडं बघत राहिले.

माणसं भांडली असती तर गुरुजी कदाचित उभे राहिले असते. पण कोणी काही बोलतच नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच किल्ली काढली. भिजलेली हळद काळी पडते आणि वर्षाची मेहनत जाते, हे त्यांनी पोरांना भूगोलात शिकवलं होतं. फियाट मागं घेताना घाईत उतरवलेलं एक पोतं टपावर फुटलं, आणि हळकुंडांची भुकटी गाडीभर उडाली. गुरुजी बाहेर आले ते पिवळ्या गाडीतून.

कॉलनीत शिरताना हरीओमची आई जिजाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या निकिताच्या आजी, आणि कॉलनीतल्या कोणत्याही घटनेवर पहिला शेरा त्यांचा असे. "काय गुरुजी, नवरीच्या आधी गाडीलेच हळद लावून आनली काय?" त्यांनी विचारलं. आतल्या सगळ्या पाहुण्या बाया हसल्या. गुरुजींनी मान ताठ ठेवून गाडी अंगणात घेतली. पिवळ्या गाडीत बसून मान ताठ ठेवणं सोपं नसतं, पण त्यांनी ठेवली.

आता एकच मार्ग उरला, गाडी झाकण्याचा. गुरुजी ताडपत्री आणायला बाजारात गेले. पण ताडपत्र्या शुक्रवारीच संपल्या होत्या. ज्यांची हळद, हरभरा, गहू उघड्यावर होता त्यांनी त्या नेल्या, आणि ते योग्यच होतं. दुकानदारानं प्लास्टिकची पारदर्शक पन्नी दाखवली. पन्नीतून गार पलीकडं जाते, असं गुरुजी म्हणाले. दुकानदार म्हणाला, हाव, जाते, पन गाडी दिसत राह्यते.

घरी येऊन त्यांनी विजयमालाबाईंसमोर गाद्यांचा विषय काढला. विजयमालाबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. चाळीस वर्षं एकाच छताखाली फियाट आणि नवरा सांभाळून त्या शांत झाल्या होत्या. पण त्या गाद्या लग्नघरच्या पाहुण्यांसाठी काढून उन्हात टाकलेल्या होत्या.

"आन् माणसं कायच्यावर झोपतीन?" त्यांनी विचारलं.

"माणसं घरात झोपतीन," गुरुजी म्हणाले. "गाडी बाहेर आहे."

या उत्तरात काहीतरी चुकतं आहे हे विजयमालाबाईंना कळत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. त्यांनी गाद्या दिल्या. वर दोन गोधड्याही दिल्या.

गाडीला गाद्या बांधण्याचं काम कॉलनीनं हाती घेतलं, आणि त्या दुपारी कॉलनीत दोरीचा प्रत्येक तज्ज्ञ हजर होता. धरमसिंगांनी पोत्याची गाठ मारली. हरीओमनं लग्नाची धावपळ सोडून ट्रकवाल्याची गाठ मारली. एक पाहुणे बैलगाडीची गाठ सुचवत होते, ती त्यांनी कोणाच्या परवानगीशिवाय मारून टाकली. दोऱ्या खिडक्यांतून आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. टपावर दोन गाद्या, बाजूंना गोधड्या, बॉनेटवर सगळ्यात जाड गादी. फियाट थंडीतापाचा रोगी पांघरूण घेऊन बसावा तशी दिसू लागली.

बघायला पोट्टे जमले होते. रोज सकाळी गुरुजींच्या ओट्यावर गणितं करायला येत तेच. समोर इतकी मुलं उभी आहेत आणि आपण काही शिकवत नाही, असं गुरुजींच्या हातून कधी घडलं नव्हतं. त्यांनी दोरी बाजूला ठेवली आणि गार कशी होते ते सांगितलं. ढगात पाण्याचा थेंब असतो, वारा त्याला वर ढकलतो, वर तो गोठतो. खाली येऊ लागतो, तर वारा पुन्हा वर ढकलतो, पुन्हा त्याच्यावर बर्फाचा थर चढतो. असं होता होता ती गार इतकी जड होते की वाऱ्याला पेलवत नाही, मग पडते. गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मुलांनी माना डोलावल्या. एकीनं विचारलं, की मग वारा तिला खालीच का पडू देत नाही, आणि गुरुजींना फार बरं वाटलं. चांगला प्रश्न आला की ते गाडीसुद्धा विसरत.

तेवढ्यात ओट्यावरून जिजाबाई म्हणाल्या, "कांदे-बिंदे ठीक आहे गुरुजी, पन गार पडली का घरातला तवा काढून आंगनात उपडा फेका. माह्या सासूनं फेकला होता. लोखंड पाह्यलं का गार थांबते."

गुरुजी हसले. जिजाबाईंचा मान ठेवून, पण मुलांकडं बघून त्यांनी सावकाश समजावलं. ढग इतका उंच असतो की त्याला आपला तवा दिसत नाही. गार थोडा वेळच पडते. तवा फेकला तरी थांबते, नाही फेकला तरी थांबते. ज्यानं फेकला त्याला वाटतं आपणच थांबवली. मुलं खूश झाली. जिजाबाई एवढंच म्हणाल्या, की पाहू.

चारच्या सुमारास आभाळ निळसर काळं झालं आणि वारा आला. सगळे आपापल्या घरांत गेले. गुरुजी खिडकीशी उभे राहिले. त्यांचा डोळा शेडवर होता. टीन आता उडेल, मग उडेल. टीन खडखडलं, थरथरलं, पण जागचं हललं नाही. शेवटपर्यंत ते तसंच ठाम उभं राहिलं, आणि त्याच्या खाली अख्खी कोरडी, रिकामी जागा. धरमसिंगांना हे दाखवावं असं गुरुजींना फार वाटलं.

पोत्याची गाठ टिकली. ट्रकची गाठ टिकली. बैलगाडीची गाठ सुटली. बॉनेटवरची जाड गादी उठली, क्षणभर भिंतीवर टेकून काहीतरी विचार केल्यासारखी थांबली आणि पलीकडच्या प्लॉटवर गेली. खाली फियाटचं बॉनेट उघडं पडलं, आणि नेमक्या त्याच वेळी टिनावर पहिली गार वाजली.

आधी हरभऱ्याएवढ्या. मग बोराएवढ्या. गुरुजी मनात म्हणत होते, की थोडा वेळ, थोडाच वेळ. मग आवळ्याएवढी एक गार ओट्यावर फुटली, आणि गुरुजींच्या डोळ्यांसमोर मुकेशरावांची काळी गाडी आली. "आहेच" हा शब्द ऐकू आला. पुढं काय झालं ते त्यांना नीट आठवत नाही. एवढं खरं, की ते स्वयंपाकघरात गेले, गॅसशेजारचा तवा उचलला आणि दारात आले. अंगणात उपडा पडेल अशा बेतानं त्यांनी तो फेकला. पण ओटा ओला होता आणि पाय सरकला. तवा त्यांच्या हातून तिरपा सुटला, गरगरत गेला आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध उतरला.

तवा बिडाचा होता. त्याचे दोन तुकडे झाले. बॉनेटला भाजीच्या वाडग्याएवढा पोचा आला.

आणि गारा थांबल्या.

गुरुजी तसेच ओट्यावर बसून राहिले. आजूबाजूला बघितलं, तर सगळ्यांची दारं बंद दिसली, खिडक्याही. गारांनी गाडीला काहीही केलं नव्हतं. आजवर शिकवलेलं विज्ञान एका बाजूला आणि तव्याचे दोन तुकडे दुसऱ्या बाजूला, असे ते बघत राहिले.

थोड्या वेळानं दारं उघडली. धरमसिंग आले, हरीओम आला, जिजाबाई काठी टेकत आल्या. सगळे पोच्याभोवती उभे राहिले. हे काय झालं, हरीओमनं विचारलं. गुरुजींनी तोंड उघडलं, आणि खरं सांगायच्या ऐवजी त्यातून निघालं, की वारा फार होता, कुठून तरी तवा उडून आला.

धरमसिंगांनी तव्याचा अर्धा तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला. "हाव," ते म्हणाले, "वारं लय होतं." टिनाचं शेड त्यांच्या मागं जसंच्या तसं उभं होतं. जिजाबाई म्हणाल्या, की कुनाचा उडाला कोन जाने, आजकाल तवे बी हलके येतात. एका पोट्ट्यानं बोलायला तोंड उघडलं, तर त्याच्या आईनं त्याला दंड धरून आत नेलं. विजयमालाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. इथंच गुरुजींनी सावध व्हायला हवं होतं.

भिजलेल्या गाठी सुटेनात, तेव्हा विळ्यानं दोऱ्या कापल्या. पावसानं हळद धुवून निघाली, कानाकोपऱ्यात तेवढी उरली. पोचा मात्र निघाला नाही. आतून ठोकायला कारागीर पाहिजे, आणि रिसोडचे झाडून सगळे कारागीर लग्नांना गेले होते, कारण मुहूर्त सगळ्यांनाच तोच होता. त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही. सुकलेली गादी एकही नव्हती, हे त्याचं दुसरं कारण.

रविवारी सकाळी त्यांनी हरीओमला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीला काळ्या गाडीतून जाऊ दे, माझ्या गाडीचं तोंड फुटलंय. हरीओमनं आत जाऊन विचारलं. निकिताचा निरोप आला, की गाडी नाही आली तर मी मांडवातून उठत नाही.

मग फुलवाल्यानं बॉनेट सजवायला घेतलं. सपाट बॉनेटवर फुलं घसरतात, ही त्याची कायमची तक्रार असे. इथं मात्र झेंडू आणि गुलाब पोच्यात इतके घट्ट बसले, की त्यानं समाधानानं दोन पावलं मागं जाऊन बघितलं. संध्याकाळी मुकेशराव गाडीभोवती एक चक्कर मारून आले. फुलांची वाटी त्यांना फार आवडली. अशी डिझाइन कुठं करून मिळते, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, घरीच केली.

पाठवणीला सगळी आळी रडली. जिजाबाईंना प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांनी पाठराखीण म्हणून विजयमालाबाईंना पाठवलं. त्या पुढं बसल्या, मागं निकिता आणि नवरदेव शिवम. काळी गाडी मागून येत होती. रिसोड सुटलं, निकिताचे हुंदके कमी झाले. मालेगावचा चढ आला आणि फियाट तो कोणतीही कुरकुर न करता चढली. हा गुरुजींचा विजयाचा क्षण होता, पण त्यांचं मन त्यात लागेना. माथ्यावर आल्यावर त्यांनी गाडी जरा हळू केली.

"निकिता," ते म्हणाले, "तो तवा वाऱ्यानं नाही आला, बेटा. मीच फेकला."

मागं निकितानं डोळे पुसले.

"मले मालूम आहे, गुरुजी. आमी सगळ्या पाहुण्या बाया गच्चीच्या जिन्यात उभ्या होतो. धरमसिंगकाका त्याईच्या खिडकीच्या काचेमांगं होते. साऱ्या कॉलनीनं पाह्यलं."

गुरुजींच्या कानांपर्यंत लाली आली. "मंग कोनी बोललं काहून नाही?"

"तुमीच शिकवलं ना आमाले. कोनाचं गनित चुकलं तं फळ्यावरून वाचायचं नाही, त्याच्या जवळ जाऊन सांगायचं. पन तुमच्या जवळ यायची कोनाची हिंमत नाही झाली."

शिवम खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. गुरुजींनी घसा साफ केला. सोमवारी पोरं ओट्यावर येतील आणि विचारतील, की तवा फेकल्यावरच गारा कशा थांबल्या. खरं काय घडलं ते त्यांना सांगावं लागेल, आधी फेकला कोणी ते, आणि मग थांबल्या का ते. पहिलं अवघड होतं, दुसरं सोपं. मनात धड्याची जुळवाजुळव सुरू झाली आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. आपल्याला शिकवायला आता एक उत्तम उदाहरण मिळालं, असंही वाटलं. त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.

शेजारी विजयमालाबाई शनिवारपासून गप्प होत्या. त्यांनी पदर सावरला आणि समोरच्या फुलांकडं बघत त्या म्हणाल्या, "सगळे गाडीलेच पाहून राह्यले. तवा माह्या माहेरचा होता, हे कोनी इचारलं बी नाही."